स्वतः छापलं म्हणून हलकं?

पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचं नाव नसेल तर आतला मजकूर कच्चाच असणार, ही आपल्या संगीतवर्तुळातली समजूत खोटी आहे आणि ती पसरवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. नामवंत शिक्का असलेल्या कितीतरी पुस्तकांचे पैसे लेखकानेच भरलेले असतात. कागद त्याच्या पैशाने, मुद्रितं तपासायची त्यानेच, वर हक्कही लिहून द्यायचे. तोच खर्च मी उघडपणे केला, की मी हौशी ठरते. ही लबाडी आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. स्वरलिपीची पुस्तकं कोण छापेल, म्हणून ते कुणाच्या दारात बसून राहिले नाहीत. त्यांनी स्वतःचा छापखाना घातला, ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिक चालवलं. पुढे कर्ज डोईजड झालं आणि मुंबईतली विद्यालयाची इमारत लिलावात गेली. आज विशारद-अलंकारच्या परीक्षांना बसणारी मुलं त्याच कष्टांवर उभी आहेत. स्वयंप्रकाशित म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी आधी पलुस्करांच्या पुस्तकांपुढे ते मुरडून दाखवावं.

वर्तमानपत्रांत लिही, असा सल्ला मला नेहमी मिळतो. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांच्या गाण्याची चिरफाड करत आणि ती छापून येत असे. आता महोत्सवाच्या वृत्तान्तात राग कोणता, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, एवढं आलं आणि रसिक मंत्रमुग्ध झाले, की संपलं. लय इतकी संथ ठेवली की बंदिशीचे शब्द सुटे पडले, किंवा तान दमदार होती पण रागाला धरून नव्हती, असं लिहिलं की जागा नाही म्हणून कळवतात. शेजारी त्याच आयोजकांची पाव पान जाहिरात असते.

म्हणून मी माझ्या संकेतस्थळावर लिहिते. समाजमाध्यमांवर सगळं लेखन ठेवणाऱ्या तरुण मित्रांना मी कळकळीने सांगते, ती जागा तुमची नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 गतीच्या तबकडीतला एक तुकडा मी विवेचनासाठी तिथे जोडला होता. एका कंपनीचा स्वयंचलित दावा आला आणि तुकडा गायब. खाँसाहेब 1937 साली गेले. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो, समीक्षेसाठी अंश वापरायची मुभाही तोच कायदा देतो. दाद मागायला समोर माणूसच नव्हता. माझ्या संकेतस्थळावर तो तुकडा आजही ऐकता येतो.

सगळ्यात जास्त राग मला रसिकांचा येतो. पहिल्या रांगेचं तिकीट घेणारे, घरी हजारोंचे स्पीकर लावणारे लोक पुस्तकाचं नाव ऐकताच विचारतात, “पीडीएफ आहे का?” गवयाला बिदागी मिळते, मांडववाल्याला भाडं मिळतं, माइकवाल्याचे पैसे आगाऊ जातात. ऐकलेल्या गाण्याचा विचार वर्षानुवर्षं करून तो मांडणाऱ्याला फक्त फुकटचा पास, आणि पास घेतला की चांगलंच लिहावं ही अपेक्षा. मी पास घेत नाही. तिकीट काढून ऐकते. तुम्हीही पुस्तक विकत घ्या.