सर, साहेब आणि सेन्योर

परवा बाबांना घेऊन वेरूळला गेले होते. कैलास लेण्यात एका स्पॅनिश आजोबांचा त्यांना धक्का लागला. आजोबा पटकन म्हणाले, 'पेर्दोन, सेन्योर!' बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

बाबांनी वाळूजच्या एका कंपनीत ३० वर्षं मशीन चालवलं. काल जॉइन झालेल्या पोरसवदा इंजिनीअरलाही ते 'साहेब' म्हणायचे. त्यांना मात्र सगळे 'ओ मामा!'

आता गंमत बघा. 'सेन्योर' आणि इंग्रजीतलं 'सर' दोन्ही निघाले लॅटिनमधल्या 'सीनियर'वरून. अर्थ एवढाच, वयानं मोठा. हुद्दाबिद्दा सगळं नंतरचं! स्पॅनिशमध्ये 'सेन्योर'पुढे आडनाव लावतात आणि जास्तच मान द्यायचा तर पहिल्या नावाआधी 'दोन'. इंग्रजांचा किताबवाला 'सर'ही पहिल्या नावाआधीच बसतो. आपलं 'सर' नावामागून येतं, राहुल सर, देशमुख सर. आणि 'साहेब'? मूळ अरबी शब्दाचा एक अर्थ चक्क सोबती! आपल्याकडे येईपर्यंत हा सोबती केबिनमध्ये जाऊन बसला.

कॅनॉटमधल्या कुठल्याही शोरूममध्ये बघा. इस्त्रीचा शर्ट दिसला की 'येस सर', पायात स्लिपर दिसली की 'बोला काका'. वय दोघांचं सारखंच असतं, राव!

परतताना गाडीत बाबांनी तो शब्द तीनदा विचारला. चौथ्यांदा मी चिठ्ठीवर लिहून दिला. सध्या ती त्यांच्या पाकिटात आहे, पेन्शनच्या कागदाशेजारी.