ही मेहरबानी नव्हे

गेल्या वर्षी मामूच्या मुलाला घेऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गेलो होतो. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. सोबत सरकारी प्रमाणपत्र होते. खिडकीतल्या कारकुनाने आधी कागद पाहिला, मग मुलाकडे पाहिले आणि विचारले, "याला काय झालंय? चांगला चालतोय की!" मुमानी गप्प राहिल्या. लहानपणापासून त्याच्याबद्दल त्या हाच प्रश्न ऐकत आल्या आहेत.

प्रवेश मिळाला, पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. तोंडी परीक्षेत दोन परीक्षक एकापाठोपाठ एक प्रश्न विचारत होते आणि बाहेर मुलांचा गोंगाट चालू होता. त्याला उत्तरे येत होती, पण तोंडातून शब्द फुटेना. 25 पैकी 4 गुण मिळाले. प्रश्न लिहून द्या आणि शांत खोलीत बसवा, एवढेच आम्ही आधी मागितले होते. उत्तर आले, "एकाला सवलत दिली तर सगळेच मागतील."

साहेब, ही सवलत नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझम आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. गरजेनुसार रास्त सोय नाकारणे हा भेदभावच आहे, असेही हा कायदा सांगतो. 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लेखनिकाची सोय फक्त 40 टक्क्यांच्या वरच्यांपुरती ठेवता येणार नाही. म्हणजे टक्केवारी राखीव जागेसाठी पाहायची, सोय देताना गरज पाहायची.

"मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. एकच प्रोग्रॅम मोबाईलवर आणि संगणकावर चालवायचा तर पडद्याची मांडणी बदलावी लागते, हिशेब बदलत नाही. इथेही प्रश्न तोच राहतो आणि तपासणाराही तोच. तुम्हाला सर्किटचे ज्ञान तपासायचे आहे की डोळ्याला डोळा भिडवण्याचे धाडस? आमच्या क्षेत्रातील सॅप कंपनी 2013 पासून ऑटिझम असलेल्यांना मुद्दाम नोकरीत घेत आली आहे. पण पदवीच अडवली तर नोकरीच्या दारापर्यंत पोहोचणार कोण?

थोडा दोष आपल्या घरांचाही आहे. बहिणीच्या लग्नात अडचण येईल म्हणून मुलाचे प्रमाणपत्र न काढणारी घरे मी पाहिली आहेत. आपणच लपवले तर हक्क कशाच्या आधारावर मागणार?

म्हणून पालकांनो, विनंती तोंडी करू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा आणि पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. आणि महाविद्यालयांनी एवढे तरी करावे: असे अर्ज कोणाकडे द्यायचे ते नाव सूचनाफलकावर लावावे आणि परीक्षेआधी लेखी उत्तर द्यावे. याला पैसा लागत नाही.

पुढच्या सत्राच्या तोंडी परीक्षेसाठी आम्ही अर्ज दिला आहे. त्याची पोच मुमानींनी जपून ठेवली आहे. या वेळी त्या गप्प राहणार नाहीत.