तिकिटाच्या पैशांवर वांचलेलीं बालकें

न्यूयॉर्क शहरांत, ब्रुकलिनच्या दक्षिण टोकास, कोनी आयलंड नांवाचा समुद्रकिनारा आहे. १९०३ सालच्या मे महिन्यांत थॉम्पसन व डंडी या दोघा भागीदारांनीं तेथें 'लूना पार्क' ही करमणुकीची बाग उघडली. मनोरे, घुमट, कमानी आणि त्यांवर लाखाहून अधिक विजेचे दिवे! विजेचा दिवा घरोघरीं पोहोंचला नव्हता अशा त्या काळीं दहा सेंट दिले कीं या प्रकाशनगरींत कोणासही शिरतां येई. आंत चंद्रलोकची सफर होती, आणखी नाना तऱ्हेच्या मौजा होत्या. १९०४ सालीं जवळच 'ड्रीमलँड' ही प्रतिस्पर्धी बाग निघाली. त्याच वर्षीं लूना पार्कमध्यें, वर्षापूर्वीं झालेल्या दिल्ली दरबाराची नक्कल हत्तींसह मिरविली गेली. आपला देश असा तिकीट लावून दाखविला जात होता हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस गंमत वाटेल. आम्हांस मात्र ती पुरती गंमत वाटली नाहीं.

कारण या तिकिटांनीं काय काय दाखविलें, तें पाहावें. बाग उघडण्यापूर्वींच, ४ जानेवारी १९०३ रोजीं, 'टॉप्सी' नामक हत्तिणीस त्याच जागीं लोकांदेखत विजेच्या धक्क्यानें ठार मारिलें, व त्याचें चलच्चित्रही घेतलें. १९०५ सालीं फिलिपाइन्समधील इगोरोत लोकांस आणून त्यांचें रोजचें जगणें हाच एक खेळ केला.

आणि याच बागांत एका इमारतींत, कांचेच्या पेट्यांतून, अपुऱ्या दिवसांचीं मुलें ठेविलीं होतीं! मार्टिन कूनी नांवाचा गृहस्थ हा खेळ चालवी. पेटींत गाळलेली हवा खेळे, आंतील ऊब कायम एकसारखी राही. अंगावर पाजणाऱ्या दाया व शिकलेल्या परिचारिका रात्रंदिवस राबत. आईबापांकडून एक पैही घेत नसत, आणि मूल कोणत्या वर्णाचें, हेंही विचारीत नसत. सर्व खर्च बघ्यांच्या तिकिटांतून निघे. सुमारें आठ हजार मुलें आलीं व त्यांतील साडेसहा हजार वांचलीं, असा कूनीचा हिशेब सांगतात.

यावर आक्षेप पुष्कळ झाले. तान्ह्या जिवांचें प्रदर्शन मांडणें हा बाजार आहे, असें कित्येक डॉक्टर म्हणत. खुद्द कूनीजवळ वैद्यकाची पदवी होती याचा पुरावाही पुढें कोणास सांपडला नाहीं. हे आक्षेप आम्ही पोकळ मानीत नाहीं. त्या मुलांस कोणीं विचारलें होतें? इगोरोतांस पाहावयास आलेला बघ्या आणि या मुलांस पाहावयास आलेला बघ्या एकच, त्याच्या हातांतलें नाणेंही एकच.

तरीही आमचें मत असें कीं, लाज वाटावयाचीच तर ती कूनीपेक्षां त्या शहरास वाटावयास हवी होती. त्या काळीं बहुतेक रुग्णालयांत अशा पेट्या नव्हत्या. इवलें मूल जगणार नाहीं असें ठरवून तें घरीं नेऊं दिलें जाई. ज्या बापास दोनच वाटा होत्या, एक स्मशानाची व दुसरी जत्रेची, त्याला सभ्यता शिकविणें सोपें आहे. पेटी देणें कठीण होतें. ज्यांनीं नांवें ठेविलीं त्यांनीं तेवढ्याच पेट्या विकत घेतल्या असत्या, तर हा तमाशा एका वर्षांत बंद पडता.

२७ मे १९११ च्या पहांटे ड्रीमलँडला आग लागली. 'नरकद्वार' नांवाच्या खेळाची दुरुस्ती चालली असतां तापलेलें डांबर सांडलें आणि लांकूड व गिलावा यांची ती स्वप्ननगरी कांहीं तासांत राख झाली. पिंजऱ्यांतील अनेक पशु जळून मेले. पेट्यांतील एकूण एक मूल मात्र सुखरूप बाहेर काढण्यांत आलें. ड्रीमलँड पुन्हा उभी राहिली नाहीं. कोनी आयलंडवरील मुलांचें प्रदर्शन त्यानंतरही चाललें; १९४३ सालीं, न्यूयॉर्कमध्यें एका रुग्णालयानें अशा मुलांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला, तेव्हां कूनीनें आपण होऊन तें बंद केलें. पुढच्याच वर्षीं लूना पार्कही आगींत सांपडलें.

कूनीस स्वतःचें मूल असें मांडवलें असतें काय, हा प्रश्न आमच्या मनांत आला होता. त्याची मुलगी १९०७ सालीं दिवस भरण्यापूर्वींच जन्मली. तिलाही त्यानें पेटींत, बघ्यांसमोरच ठेविलें. मोठी झाल्यावर ती परिचारिका झाली व बापाच्याच पेट्यांजवळ काम करूं लागली.