ठाण्यात माणूस नाही, कोठडीत कायदा नाही

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमीचे विस्तीर्ण आवार आहे. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या या संस्थेत राज्याचे फौजदार घडतात. दीक्षान्त संचलनाच्या दिवशी त्यांचे आईवडील गावाकडून येतात, मुलगा राज्यघटनेला स्मरून शपथ घेतो, आई डोळे पुसते. अभिमान वाटावा असाच तो सोहळा असतो. परंतु याच रस्त्याने पुढे त्र्यंबकेश्वर ओलांडून हरसूलकडे जावे, किंवा पेठ, सुरगाणा, बाऱ्हे अशी घाटापलीकडची वाट धरावी. मैदानावर घेतलेली शपथ तिथल्या ठाण्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. तालुके 15. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 61 लाखांवर. शहराचे आयुक्तालय वेगळे असून उरलेला अवाढव्य मुलूख ग्रामीण पोलिसांच्या चाळीसेक ठाण्यांवर सोपवलेला आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या एकेका ठाण्याच्या हद्दीत डोंगरदऱ्यांत विखुरलेली कितीतरी गावे आणि पाडे येतात. तिथला बीट अंमलदार सकाळी समन्स बजावायला निघतो, दुपारी वॉरंटातील आरोपीच्या शोधात फिरतो, सायंकाळी कुणाच्या आकस्मिक मृत्यूचा पंचनामा करतो आणि रात्री गस्तीवर जातो. लासलगावला कांद्याचा भाव कोसळून रास्ता रोको झाला की त्यालाच बोलावणे येते. वणीला सप्तशृंगीची चैत्रयात्रा, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची पौषवारी, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, गणेशोत्सव, मोहरम या सगळ्या बंदोबस्तांना माणसे कुठून आणायची? ग्रामीण ठाण्यांतूनच. तपासाची कागदपत्रे तोवर कपाटात पडून राहतात.

हा नाशिकपुरता प्रश्न नाही. पोलीस संशोधन व विकास विभागाच्या आकडेवारीनुसार 1 जानेवारी 2020 रोजी देशात पोलिसांची मंजूर पदे 26 लाख 23 हजारांवर होती. प्रत्यक्षात कामावर होते सुमारे 20 लाख 91 हजार. पाच लाखांहून अधिक जागा रिकाम्या! याच विभागासाठी 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात ठाण्यांतील सुमारे 90 टक्के पोलीस रोज आठ तासांहून अधिक काम करतात, असे आढळले होते. मुंबईत 2016 मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तो सुचवणारा एक साधा पोलीस शिपाई होता आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला, ही या विभागातील दुर्मीळ गोष्ट! परंतु त्या प्रयोगाला लागणारी माणसे ग्रामीण ठाण्यांना कोण देणार?

आता याचा कोठडीशी संबंध काय, ते नीट पाहिले पाहिजे. घरफोडीचा तपास म्हणजे साक्षीदारांकडे दहा हेलपाटे, ठसे, फोनच्या नोंदी, सराफाकडे चौकशी. त्याला माणसे लागतात, दिवस लागतात. मारहाणीला एक खोली आणि एक रात्र पुरते. गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठ उघडकीचे प्रमाण विचारतात, तपास कसा केला हे विचारत नाहीत. कायद्यातील एक फटही इथे उपयोगी पडते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. परंतु आरोपीने दिलेल्या माहितीवरून मुद्देमाल सापडला, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरतात. इंग्रजांच्या 1872 च्या पुरावा कायद्याचे हे 27 वे कलम होते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमातही ते कायम आहे. म्हणजे मार खाऊन आलेली कबुली बाद, पण त्याच मारातून निघालेली सोन्याची साखळी मात्र न्यायालयात चालते.

अटक केल्यापासून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे, हे राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदात आहे. पण हे चोवीस तास मोजायला कधी सुरुवात होते? ठाण्याच्या दैनंदिनीत अटकेची नोंद झाल्यावर. ‘चौकशीला बोलावले आहे’ या तीन शब्दांत माणूस दोन-तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवता येतो आणि कागदोपत्री तो तिथे नसतोच. पाड्यावरून आलेली त्याची बायको ठाण्याबाहेर झाडाखाली बसून राहते. तिला मराठी धड येत नसते, वकील म्हणजे काय ते ठाऊक नसते.

1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. नियम उत्तमच आहेत. पण आरोपीला ग्रामीण रुग्णालयात न्यायचे तर दोन पोलीस हवेत, वाहन हवे, डॉक्टर जागेवर हवा. ठाण्यात तीनच माणसे असतील तर तपासणीचा कागद कसा तयार होतो, हे सांगायला ज्योतिषी नको. 2020 मध्ये न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. पाच वर्षे होत आल्यावर सप्टेंबर 2025 मध्ये कॅमेरे का चालत नाहीत, अशी विचारणा त्याच न्यायालयाला स्वतःहून करावी लागली.

मात्र मनुष्यबळाच्या टंचाईआड लपू पाहणाऱ्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. 2017 मध्ये सांगली शहर ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह थेट आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. सांगलीहून आंबोलीपर्यंत मृतदेह न्यायला माणसे मिळाली, गाडी मिळाली, वेळ मिळाला! आणखी मागे जायचे तर 26 मार्च 1972 ची देसाईगंजची रात्र आठवते. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आलेली मथुरा ही आदिवासी मुलगी आरोपीदेखील नव्हती. जबाब नोंदवणारा हवालदार घरी गेला, ठाण्यात दोन पोलीस उरले आणि त्यांनी तिला थांबवून घेतले. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या त्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडले. देशभर संताप उसळला, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला. टंचाईमुळे घाई होते, चुका होतात. पण कोठडीतल्या माणसाला माणूस न मानण्याची वृत्ती टंचाईतून येत नाही. ती 1861 च्या पोलीस कायद्याबरोबर आली. तो कायदा 1857 च्या धसक्यातून जन्मला आणि प्रजेला धाकात ठेवणे हेच त्याचे प्रयोजन होते. याच नाशिकच्या अभिनव भारताच्या तरुणांनी 1909 मध्ये जॅक्सनच्या वधानंतर त्या पोलिसांचा अनुभव घेतला. आपल्याकडे सगळे पूर्वी आदर्शच होते, असेही मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या ‘कण्टकशोधन’ अधिकरणात आरोपीच्या यातनांचे प्रकार सांगितले आहेतच. पण बंदीला छळणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही त्याच अधिकरणात आहे. आजच्या भारतात कोठडीतील छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाच नाही. 1997 मध्ये आपण आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, 2010 चे विधेयक लोकसभेत संमत होऊन राज्यसभेत अडकले आणि विझले, 2017 मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा दिला. तोही धूळ खात आहे. यात एका पक्षाला दोष देऊन सुटका नाही. सत्तेत सगळेच येऊन गेले.

ज्या घरांत आणीबाणीच्या आठवणी जिवंत आहेत, त्यांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नसावी. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात मिसाखाली किती कार्यकर्ते डांबले गेले होते! आपल्या माणसाला कुठे नेले हे न कळता काढलेल्या रात्री अनेक कुटुंबांनी पाहिल्या आहेत. केरळात राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला 1976 मध्ये कक्कयमच्या छावणीत नेले, तो परतला नाही. त्याच्या वडिलांनी न्यायालयात दिलेल्या झुंजीमुळे 1977 मध्ये मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले. राजन नक्षलवादी असल्याचा संशय होता. म्हणून त्याच्या वडिलांचे दुःख आपले नव्हे, असे त्या वेळी तुरुंगात असलेला कोणता कार्यकर्ता म्हणाला असता?

पारध्यांचे तर विचारूच नका. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, ठाण्यातील समजूत रद्द झाली नाही. गावात चोरी झाली की आधी पाल उठवायचे, हा शिरस्ता. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांमध्ये काम सुरू केले, यमगरवाडीत त्यांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली, त्यामागे पोलिसी मारहाणीच्या कितीतरी कहाण्या आहेत. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सारे आनंदलो. मग ‘दोन रट्टे दिल्याशिवाय हे लोक खरे बोलत नाहीत’ हे वाक्य आपल्याच दिवाणखान्यात, घरी चोरी झाल्यावर, इतक्या सहज कसे उच्चारले जाते? सुशिक्षित घरांची ही मूक संमती फौजदाराला नेमकी ठाऊक असते. पदोन्नती थांबवणाऱ्या चौकशीपेक्षा तिचा आधार त्याला मोठा वाटतो.

2006 च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी करा, असे बजावले होते. बंदोबस्ताला गेलेला तपास अधिकारी हा रोग तेव्हाच ओळखला गेला होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरणे निर्माण केली, परंतु न्यायालयाने सांगितलेले जिल्हा पातळीवरचे प्राधिकरण विभागावर नेऊन ठेवले. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाने तिथवर जायचे कसे? नव्या फौजदारी कायद्यांनी झडतीचे चित्रीकरण आणि सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळभेट यांची तरतूद केली. योग्यच केले. काम वाढले, माणसे तितकीच राहिली.

आणि आता सिंहस्थ. 2003 च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा मृत्यू झाला, त्यामुळे 2027 च्या पर्वण्यांना मोठा बंदोबस्त हवाच, त्याविषयी दुमत नाही. तो उभा करताना पेठ, हरसूल, सुरगाणा, बाऱ्हे, अभोणा या ठाण्यांतून किती माणसे उचलणार, मागे किती ठेवणार, आणि त्या काळात कोठडीत असलेल्या प्रत्येकाची नोंद, वैद्यकीय तपासणी आणि न्यायालयापुढची हजेरी कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने होणार, हे गृहखात्याने ठाणेवार जाहीर करावे. पर्वणीच्या आदल्या दिवशी नव्हे, आताच. जिल्ह्यातील आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा, आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदाराला तो विचारायला लावावा.