टकटक... कोण आहे?

सेकंडहँड गाडीबरोबर चार गोष्टी फुकट मिळतात. सीट कव्हर, मॅट, आधीच्या मालकाचा परफ्यूम आणि एक आवाज. पहिला आठवडा म्युझिक सिस्टिमच्या कौतुकात जातो. मग एखाद्या रात्री एफएम बंद असतो, काचा वर असतात आणि टक्! त्यानंतर तुम्हाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

बॉस, प्रॉब्लेम असा की ही टकटक हजार रुपयांचीही असू शकते आणि साठ हजारांचीही. आपल्या कानाला दोन्ही सारख्याच.

माझ्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या टकटकीवर आठवडाभरात तीन निदानं झाली. शेजारच्या काकांनी इथेनॉलवर खापर फोडलं. नागपुरात हे होणारच. इथेनॉलचे खंदे पुरस्कर्ते नितीन गडकरी 2014 पासून इथले खासदार, आणि 2025 मध्ये 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल देशभर पंपांवर आल्यापासून तर चहाच्या टपरीवरही या विषयात प्रत्येक जण पीएचडी आहे. ऑफिसवाल्या मित्राचा सल्ला होता, ‘विकून टाक.’ आणि एसी वेटिंग रूम, फ्री कॉफी वगैरे असलेल्या एका चकाचक वर्कशॉपने गाडी जेमतेम गल्लीपर्यंत फिरवून सांगितलं, ‘मॅडम, इंजिन का काम निकलेगा.’ एस्टिमेट 38 हजार. फ्रीलान्सरच्या भाषेत 38 हजार म्हणजे सगळे चेक वेळेवर आले तर दोन महिने. आणि चेक वेळेवर येत नसतात.

आधी काकांचा मुद्दा निकालात काढू. इंजिनचं खरं ‘नॉकिंग’ म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच एका कोपऱ्यात आपणहून पेट घेतं, ते. त्याचा आवाज टक्-टक् नसतो. टिनाच्या डब्यात खडे हलवावे तसा टर्रर्र असतो. येतो कधी? इंजिन तापलेलं, गिअर वरचा, स्पीड कमी आणि समोर चढ. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सेमिनरी हिल्स चढून बघा. हा आवाज घालवायला 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. नॉकिंग गेलं, पण जगाच्या हवेत शिसं आलं. भारतात बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे मिळायला 2000 साल उजाडलं. इथेनॉलचा ऑक्टेन नंबर शंभराच्या वर असतो, त्यामुळे ते नॉकिंग दाबतं, वाढवत नाही. मायलेज आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप यावर काकांशी वेगळं भांडता येईल. टकटकीच्या केसमध्ये मात्र इथेनॉल निर्दोष.

उरलं 38 हजारांचं इंजिन. त्यासाठी मी जुन्या वस्तीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. आवाज डॅशबोर्डच्या मागून येतो, असं मी सांगायला लागले तर उस्तादांनी हात वर केला. ‘कुठून येऊन राहिला ते सोडा मॅडम. कधी येते, ते सांगा.’

हा फंडा सोन्यासारखा आहे. आवाज पत्र्यातून, चासीतून कुठेही फिरतो, त्यामुळे ‘कुठून’चं उत्तर कानाला सापडत नाही. ‘कधी’चं सापडतं. उस्तादांनी सगळ्यात आधी डिकी उघडून जॅक, पाना, स्टेपनी, माझी पाण्याची बाटली असं सगळं बाहेर काढलं. (म्हणे निम्म्या केसेस इथेच मिटतात.) मग गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर दाबला. उभ्या गाडीत, इंजिनच्या वेगाबरोबर आवाज वाढला तर संशय इंजिनवर. माझी गप्प. म्हणजे जो आवाज फक्त चाक फिरताना येतो, त्यासाठी ते वर्कशॉप इंजिन खोलायला निघालं होतं! मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर मारली. इथे कट-कट-कट झालं असतं तर अॅक्सलचा सीव्ही जॉइंट. तेही नाही.

मग वर्धा रोड. 2020 मध्ये सुरू झालेल्या त्या डबलडेकर पुलावर ठरावीक अंतराने सांधे आहेत आणि गाडीची दोन्ही चाकं ते एकदम ओलांडतात. सगळे पार केले, आवाज नाही. परत येताना कॉलनीत शिरलो. सिमेंट रोड संपतो आणि गट्टू सुरू होतात, तिथे एक बाजू खाली उतरते. डावं चाक उतरलं आणि टक्! उस्ताद हसले.

त्यांचं लॉजिक असं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की दांडा नुसता फिरतो, त्याच्या टोकाच्या लिंकवर फारसा जोर येत नाही. एकच चाक उचललं की दांडा पिळला जातो आणि सगळा ताण लिंकवर. लिंकचा बॉल झिजलेला असेल तर टक्. गाडी जॅकवर घेतली, टॉमी लावून हलवलं. डावी लिंक डुलत होती.

दोन्ही बाजूच्या लिंक आणि मजुरी मिळून 1,650 रुपये. जुन्या लिंक मागून घेतल्या. नवीचा बॉल हाताने फिरवायला जोर लागतो, जुनीचा करंगळीनेही फिरत होता.

पण यावरून ‘टकटक म्हणजे लिंक, चालतंय’ असं समजू नका, प्लीज. अगदी असाच आवाज लोअर आर्मचा बॉल जॉइंटही करतो, आणि तो निसटला तर चालत्या गाडीचं चाक बाहेरच्या बाजूला मुडपतं. टॉमी लावून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. आणि उभ्या गाडीत खोल ढक-ढक येत असेल, सोबत ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करून टोइंगवाल्याला बोलवा. बेअरिंग गेलेलं असू शकतं आणि घरापर्यंत न्यायच्या हट्टात अख्खं इंजिन जातं.

अजून गाडी घ्यायची असेल तर ट्रायलला गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर ‘उद्या सकाळी येते’ म्हणा. झिजलेल्या पिस्टनची खट-खट थंड इंजिनमध्ये येते आणि गरम झाल्यावर गायब होते. काही विक्रेते म्हणूनच गाडी आधी तापवून ठेवतात. आणि ट्रायलभर एजंटने म्युझिक लावलं तर सरळ बंद करा.

माझ्या गाडीत हल्ली नवीन एक खर्रर्र आहे. कधी येते, ते लिहून ठेवलंय: पावसाळ्यात, सकाळी, पहिल्या दोन ब्रेकला. रात्रभरात डिस्कवर धरलेला गंज घासला जातो, एवढंच. खर्च शून्य.