एकवीस दिवसांतले वीस दिवस

पोस्ट मोठी आहे. वेळ मिळेल तेव्हा वाचा, पण वाचा.

मागच्या आठ-नऊ महिन्यांत मी इथं फार लिहिलं नाही. नगरपरिषदेचं पाणी, बायपासचे खड्डे, बाजार समितीतली खेचाखेची, सगळं बाजूला पडलं. काहींनी प्रेमानं विचारलं, "भाऊ, पेन कुठं ठेवलं?" काहींनी परस्पर ठरवूनही टाकलं की मी मॅनेज झालो. झालो होतो खरा, पण पुढाऱ्यांकडून नाही. माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. आधी ऑपरेशन झालं, मग केमो. शेवटची केमो गेल्या महिन्यात झाली.

घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडावी का, हा विचार बरेच दिवस केला. शेवटी हीच म्हणाली, "अहो, लिहा. बाया गाठ लपवतात, घरचे केमोला घाबरतात, अन् ज्यांची चालू आहे त्यांना कुणी काही सांगत नाही. लिहा तुम्ही." ही अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या बाया काय लपवतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आधी स्वतःच्या धंद्याविषयी बोलतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत कॅन्सरवर मी दोनच प्रकारच्या बातम्या दिल्या. एक, मोफत तपासणी शिबिराचं उद्घाटन, सोबत फीत कापतानाचा फोटो. दुसरी, अमक्याची कॅन्सरवर मात. या दोन बातम्यांच्या मधे माणूस कुठं असतो, काय खातो, रात्री ताप आला तर कुणाकडं जातो, हे मी एकदाही विचारलं नाही. 'मात' आणि 'झुंज' हे शब्द मी किती सहज वापरलेत, त्याची आज लाज वाटते. ज्या बाईला तोंड आल्यामुळं पाण्याचा घोट गिळवत नाही, ती झुंजबिंज देत नसते. ती फक्त पुढच्या तासाची वाट बघत असते.

केमो म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. हिला पहिल्या चार केमो एकवीस-एकवीस दिवसांनी होत्या. त्यात लाल रंगाचं एक औषध असतं. ते चढवल्यावर लघवीही लालसर होते. पहिल्यांदा आम्ही रक्त समजून घाबरलो, मग सिस्टरनं समजावलं. सकाळी हॉस्पिटलात जायचं, रक्त तपासायचं, दुपारी सलाईन, संध्याकाळी सुट्टी. म्हणजे एकवीस दिवसांतला एक दिवस हॉस्पिटलचा. उरलेले वीस घरचे.

आपल्या लोकांना वाटतं, केमो झाली की अवघड दिवस संपला. खरं तर तो तिथून सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या, मग बद्धकोष्ठता, मग तोंड येतं. औषध वाढत्या पेशींवर मारा करतं. केसांच्या मुळाशी, तोंडात, हाडांतल्या मगजात अशा पेशी असतात, म्हणून केस जातात, तोंड येतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत पेशंट दिसायला बरा दिसतो, बोलतो, हसतो. पण आतून बिनकुलपाचं घर असतं ते.

नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडं भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी शिंकत येतं, कुणी लहान लेकरू घेऊन येतं, कुणी गुळवेलाचा काढा आणतं, कुणी सांगतं की आमच्या पाहुण्यात अशीच केमो घेतली अन् दोन महिन्यांत गेली. माया असते, मान्य. पण मी दारावर पाटी लावली होती, 'भेट फोनवर'. त्यावरून दोन नातेवाईक आजही नाराज आहेत. असू द्या.

आता त्या रात्रीचं सांगतो. ती सांगितल्याशिवाय या पोस्टला अर्थ नाही.

दुसऱ्या केमोचा दहावा दिवस. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी हिला १०१ ताप. हॉस्पिटलनं दिलेल्या कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर वाट बघू नका, ताबडतोब या. हिनं ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवूनही घेतलं होतं. मी काय केलं? तापाची गोळी दिली. म्हटलं, रात्रीचं कुठं निघायचं, सकाळी बघू. साडेबाराला ताप ९९.८ वर आला. मी खूश. ही पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, वहीचं पहिलं पान वाचा." मी म्हणालो, "अगं उतरलाय ना, झोप आता." दोन वाजता ती थंडीनं हुडहुडायला लागली. चार पांघरुणं टाकली तरी दात वाजत होते. ताप १०२ च्या वर.

दोन वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडलो. आधी गावातलं सरकारी हॉस्पिटल गाठलं. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते. ते म्हणाले, "रक्त तपासायची सोय सकाळी नऊला. पेशी किती आहेत ते कळल्याशिवाय केमोचा पेशंट मी इथं कसा ठेवू? तुम्ही शहरात घेऊन जा." त्यांची चूक नव्हती. त्यांच्या हातात ना मशीन होतं, ना कुणी लिहून दिलेली सूचना. मित्रानं गाडी काढली. संभाजीनगर दीडशे किलोमीटर. सव्वासहाला तिला अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन मिळालं. पांढऱ्या पेशी ८०० होत्या. चांगल्या माणसाच्या चार हजार ते अकरा हजार असतात.

अशा तापात अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात जायला हवं, असं तिथल्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. आम्हाला सात तास लागले. त्यातले तीन तास माझे. ते मी कुणावर ढकलणार नाही. उरलेले चार तास मात्र रस्त्याचे आणि व्यवस्थेचे आहेत, आणि त्यांचा हिशोब मी मागणार.

सहा दिवस ॲडमिट. पेशंटला कॉट मिळते, सोबतच्याला कॉटखालची फरशी. अंगाखाली चादर, उशाला चपलांची पिशवी. घरी आईजवळ दहावीतली पोरगी, तिची सराव परीक्षा चालू. मी तालुका वार्ताहर. आम्हाला पगार नसतो हे आता सांगून टाकतो. मानधन असतं आणि जाहिरातीचं कमिशन. २६ जानेवारीच्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करायचे नेमके तेच दिवस होते. ते गेले. औषधं आणि केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, त्याबद्दल सरकारचे आभार मानतो, मनापासून. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण ही लहान गोष्ट नाही. पण गाडीचं भाडं, लॉज, बाहेरचं खाणं, बुडालेली कमाई, हे कोणत्या पॅकेजात बसत नाही. आणि माणूस कर्जात जातो तो बहुतेक याच खर्चानं.

चार केमो झाल्या की दुसरं औषध सुरू झालं. ते दर आठवड्याला, असे बारा आठवडे. म्हणजे एकूण सोळा फेऱ्या. जाऊन येऊन तीनशे किलोमीटर धरलं तर ४८०० किलोमीटर. हे सगळं अशा बाईनं करायचं, जिला गाडीतल्या डिझेलच्या वासानंही मळमळतं.

घरातलंही सांगतो. फोडणीचा वास सहन होईना, म्हणून आमच्या घरी सहा महिने फोडणी पडली नाही. मी वरणभात, मऊ खिचडी, नाचणीची पेज शिकलो. मी ताट घेऊन मागं लागायचो, "दोन घास खा." ती चिडायची, "सगळं लोखंडासारखं लागतंय, कळतंय का तुम्हाला?" मग मी चिडायचो. एकदा मी ताट आदळलं. पोरगी बघत होती. नंतर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. आपल्याकडं नवऱ्यानं सेवा केली की लोक म्हणतात, "देवमाणूस आहे." अहो, बायका हेच आयुष्यभर करतात, त्यांना कोण म्हणतं? आणि मी देवमाणूस नव्हतो. दमलेला, घाबरलेला, कधीकधी ओरडणारा माणूस होतो.

आम्हाला ज्यानं तारलं ते तिच्या वहीनं. अंगणवाडीची सवय, रजिस्टरशिवाय जमत नाही. दोनशे पानी वहीत तिनं रकाने आखले. तारीख, ताप, उलट्या किती, काय खाल्लं, तोंड, संडास, झोप. तिसऱ्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं चाळली आणि म्हणाले, "उलटीची गोळी दोन दिवसांत संपतेय अन् उलट्या तिसऱ्या दिवशी सुरू होतायत." औषध बदललं. तिसऱ्या फेरीत ती पहिल्यांदा आठवडाभर जेवली. पेशी वाढवायची इंजेक्शनंही त्याच वेळी सुरू झाली. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. शहरातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची आणि रोज एक असं टोचायचं. टोचणार कोण? दोन दवाखान्यांनी नको म्हटलं, केमोचा पेशंट म्हणून. शेवटी आमच्या गल्लीतल्या एएनएम ताई रोज संध्याकाळी ड्युटीवरून घरी जाताना येऊन टोचून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

आता मुद्द्याचं.

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली होती, तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर, त्यातली २०० सेंटर २०२५-२६ मध्येच. चांगली घोषणा आहे. हिच्या बारा आठवड्यांच्या सलाईनसारखी केमो जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, तर निम्मा जीव वाचतो. काही डॉक्टर म्हणतील, केमो कुठंही देऊन चालत नाही. औषध मिसळायला वेगळी सोय लागते, शिकलेल्या सिस्टर लागतात, शिरेबाहेर औषध गेलं तर कातडी जळते. शंभर टक्के बरोबर. म्हणून गावोगावी केमो द्या असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, सलाईन जिल्ह्यात आणताय तर ताप तालुक्यात येणार आहे, त्याची तयारी करा.

आमदार-खासदार साहेब, जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, मागण्या चारच आहेत.

एक. तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात रात्रीही सीबीसी झाली पाहिजे. मशीन दिवसा चालतं ते रात्री का नाही?

दोन. केमोच्या पेशंटला ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक इथंच द्या आणि मग ॲम्ब्युलन्सनं पुढं पाठवा. डॉक्टरांना तशी लेखी सूचना द्या. तरुण डॉक्टरवर सगळी जोखीम टाकून मोकळे होऊ नका.

तीन. पेशीवाढीची इंजेक्शनं ठेवायला एक छोटा वेगळा फ्रिज आणि टोचायला एक नेमलेली सिस्टर. लसी थंड सांभाळणारी माणसं आपल्याकडं आहेतच, त्यांना हे अवघड नाही.

चार. जिल्ह्याचा एक फोन नंबर, रात्री दोनला उचलला जाणारा. त्या रात्री मला कुणी "गोळी देऊ नका, निघा" एवढं म्हटलं असतं तरी तीन तास वाचले असते.

आणि ज्यांच्या घरात केमो सुरू आहे, त्यांच्यासाठी. थर्मामीटर आजच आणा. वही घाला. ताप आला तर माझ्यासारखी गोळी देऊन बसू नका. रेल्वेनं उपचाराला जाणार असाल तर हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत आहे. मला हे चौथ्या फेरीत कळलं, तेही कॉरिडॉरमध्ये शेजारी बसलेल्या एका पेशंटच्या नवऱ्याकडून. माझ्यासारख्या बातमीदाराला कळलं नाही, तिथं इतरांचं काय?

ही सोमवारपासून अंगणवाडीत जायला लागली. डोक्यावर केस बोटभर आलेत. बोटांच्या टोकांना अजून मुंग्या आहेत, पेन नीट धरता येत नाही, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. रजिस्टर मदतनीस ताई लिहितात, ही सांगते. पहिल्या दिवशी एका लेकरानं विचारलं, "बाई, तुमचे केस कुठं गेले?" ही म्हणाली, "गावाला गेले होते, येतायत परत."

तिच्या वहीच्या रकान्यांचा फोटो खाली टाकलाय. छापून घ्या, वापरा. आणि चार मागण्यांचं निवेदन येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तहसीलवर देणार आहे. पक्ष, गट, जात घरी ठेवून या. फोटोत पुढं कोण उभं राहणार यावरून भांडू नका, फोटो काढणारच नाही.