चप्पल आमची, मेज कोणाचे?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मांडली; मूळ कारागिरांचा नामोल्लेखही केला नाही. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले. काही वकिलांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण भौगोलिक मानांकनाची नोंद महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. दाद त्यांनीच मागावयाची. शिवणाऱ्याच्या हाती आरी आहे, कागद नाही.

जातीचा धंदा सोडलेल्या बौद्ध बांधवांस याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मुलांना पुन्हा कातड्याकडे धाडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु नमुना, किंमत आणि कारागिरांची नोंदवही ज्या मेजावर ठरते, तेथे आपली पदवीधर कन्या का नसावी? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (स्थापना १९६१) डिझाइन व्यवस्थापन व माहिती-डिझाइन यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. आपल्या घरांत तिचे नावही क्वचितच निघते. वकिली व डॉक्टरकी यांपलीकडे आपली दृष्टी जात नाही, आणि त्यात आम्हीही आलो!

अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांस १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, आणि त्यावर पूर्वीची जात लिहावी लागते. दीक्षेनंतर ते नाव पुन्हा लिहिताना हात अडखळतो, हे आम्ही जाणतो. तथापि 'बौद्ध' हे जातीचे नाव नसल्याने तेवढ्यावर राखीव जागा मिळत नाही. अर्जाची मुदत येण्यापूर्वीच प्रांत कचेरीतून हा दाखला काढून ठेवावा.